किराणा आणि औषध एकाच वहीत

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला, रिपोर्टचा फोटोही मिळाला. वय २७, एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ५.९. खाली तू लिहिलंयस की महिन्याकाठी फार तर दोन हजार रुपये मोकळे निघतात. ते मेडिक्लेमला लावू की तो 'हेल्दी मील'वाला डबा लावू, कळत नाही. आणि त्याखाली ते वाक्य: "काका, चांगलं खाणं परवडत नाही हो. आत्ता पॉलिसी काढून ठेवतो, खाण्याचं लग्न झाल्यावर बघू."

मी लगेच फोन करणार होतो. पण फोनवर माझा आवाज चढतो, तू 'हो काका, हो काका' करतोस आणि दोघांच्याही हाती काही लागत नाही. म्हणून लिहून काढतोय. लांबण लागलं तर लागलं.

तू आपल्या मेडिकलच्या दुकानात बसलेला मुलगा आहेस, त्यामुळे आरोग्य म्हणजे संपत्ती वगैरे तुला ऐकवत नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि नुसतं ठाऊक असून उपयोग होत नाही हेही आपण दोघांनी काउंटरच्या आतून पाहिलंय. गोळ्यांची पट्टी कशी कापायची ते मीच तुला शिकवलं. बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेलं टोक आपल्याकडे ठेवायचं, दुसऱ्या टोकाकडून कापून द्यायचं. वीस तारखेनंतर कात्री जास्त चालते, हे तूच एकदा मला म्हणाला होतास. एक तारखेला अख्खी पट्टी नेणारा माणूस पंचवीस तारखेला इकडेतिकडे बघत "पाचच द्या" म्हणतो, आणि त्या पाच गोळ्या पगार होईपर्यंत पुरवतो. एक दिवसाआड खातो, कधी अर्धी मोडून खातो. डॉक्टरांना सांगत नाही. साखर का आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात, की वीस तारखेची पंधरा तारीख होते.

तुला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: किराण्याचं बिल आणि औषधाचं बिल एकाच वहीत लिही. दोन वेगळ्या वह्या ठेवल्यास की माणूस स्वतःला फसवायला मोकळा होतो.

मला हे कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. आपल्या दुकानाला लागून किराण्याचं दुकान होतं, आठवतंय ना? गिऱ्हाईक आधी तिथं जायचं, मग आपल्याकडे. हातातली पिशवी आपल्या काउंटरवर टेकवायची आणि वरच्या खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढायची. मी वर्षानुवर्षं त्या पिशव्या बघितल्या. पारदर्शक पिशवीत काय लपणार? पामोलिनचे पाऊच, खारी, टोस्ट, बिस्किटांचे फॅमिली पॅक, फरसाणची किलोची पिशवी, पोरांसाठी नूडल्स. आणि चिठ्ठीवर काय, तर साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीसाठी टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन, शिवाय एवढ्या गोळ्यांनी पोटात आग होते म्हणून पॅन्टोप्राझोल. एकाच माणसाची दोन बिलं, मध्ये फक्त एक भिंत. भिंतीच्या पलीकडे त्याची एक उधारीची वही, अलीकडे दुसरी. दोन्ही वह्या शेजारी ठेवून त्यानं कधी बघितलं नाही. किराणेवाल्याला गरज नव्हती. आणि मला? माझ्यावर येतोच आहे.

एक मास्तर होते. नाव लिहीत नाही, तू ओळखशील. ज्वारीचं रान घरचं, तेही आपल्याकडचं काळं, मंगळवेढ्याच्या मालदांडीला तोडीस तोड शाळू पिकवणारं. मास्तर ती सगळी ज्वारी विकायचे, कारण भाव चांगला यायचा आणि घरात भाकरी कुणाला करायला नको होती. सकाळी चहात बुडवून खारी, दुपारी पांढराशुभ्र भात, संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किट, आठवड्याला दोन उपास. उपास म्हणजे साबुदाणा आणि बटाटा, दोन्हींत मुख्यतः पिष्टच. चोथा, म्हणजे फायबर, नावापुरता. माझ्या वहीत त्यांचं पान होतं. सुरुवातीला त्यावर एकच गोळी. मग दुसरी. मग बीपीची. मग कोलेस्टेरॉलची. मग एक दिवस इन्सुलिन आणि सुयांचा डबा. नंतर नंतर किडनी थकल्याचं सांगणारं क्रिएटिनिन वर गेल्यावर आठवड्यातून तीनदा सोलापूरची वारी. डायलिसिस सरकारी योजनेत फुकट झालं, पण गाडीभाडं, सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला रोज आणि बाहेरून आणायची इंजेक्शनं फुकट नव्हती. रान शेवटी गेलंच. ज्या रानातली ज्वारी ते खात नव्हते, तेच रान.

त्यांची पिशवी माझ्या काउंटरवर टेकायची आणि मी गोळ्या मोजत राहायचो. हे मला आजही टोचतं.

तू विचारशील, मग बोलला का नाहीत? बाबा रे, मी औषध विकण्याचं लायसन काढलं होतं, माणसांना शहाणं करण्याचं नव्हे. एकदोघांना सांगून बघितलं. एकानं तोंडावर सांगितलं, "शेठ, डॉक्टर तुम्ही का ते?" आणि दुसऱ्या दिवसापासून स्टँडजवळच्या मेडिकलमधून गोळ्या नेऊ लागला. आणि हो, आपल्या कपाटात ते माल्टच्या पावडरीचे डबे होते. पोर उंच होतं, हुशार होतं म्हणून खपणारे. पुढे ते मी काढून टाकले तेव्हा घरातून विचारणा झाली की धंदा करायचाय की आश्रम काढायचाय. त्याआधी मी विकले, पण कुणाच्या गळ्यात मारले नाहीत. मागेल त्याला दिले, न मागणाऱ्याला दाखवले नाहीत. हा फरक तुला बारीक वाटेल. दुकान चालवून बघ, मग कळेल तो केवढा मोठा आहे.

असो. माझी कैफियत राहू दे.

तुझ्या प्रश्नाकडे येतो. पॉलिसी काढ. याबद्दल वाद नाही. तरुण वयात काढलेली बरी, कारण आजार नोंदला गेल्यावर काढलीस तर त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. २०२४ पर्यंत तर ही मुदत चार वर्षांपर्यंत होती. अर्जात ५.९ लपवू नकोस, पुढे क्लेम नाकारायला तेवढंच कारण पुरतं. पण पॉलिसी कशासाठी असते ते नीट समजून घे. तू दवाखान्यात आडवा झालास की ती उभी राहते. आपल्या राज्याच्या महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, तेही ॲडमिट झाल्यावर. माझ्या काउंटरवरून गेलेल्या पट्ट्यांपैकी शंभरात पाचही कुठल्या विम्यातून गेल्या नसतील. साखर, बीपी आणि कोलेस्टेरॉल असा तिहेरी गोफ गळ्यात पडलेला माणूस ब्रँडेड गोळ्यांना महिन्याला हजार-दीड हजार मोजतो. वर डॉक्टरांची फी, दर तीन महिन्यांची तपासणी, डोळ्यांचा पडदा, पायांची जळजळ. हे सगळं खिशातून. जनऔषधी केंद्रात गेलास तर गोळ्यांचं बिल निम्म्याहून खाली येईल, अवश्य जा. स्वतः मेडिकलवाला असून सांगतोय. देशाचा हिशेबही तेच सांगतो. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरलेले आहेत. २०१३-१४ मध्ये हाच आकडा ६४.२ होता, म्हणजे सुधारणा आहे, नाही म्हणत नाही. पण त्या ३९ रुपयांची वही कुणी ठेवत नाही.

जाता जाता एक गंमत. २०२५च्या सप्टेंबरात वैयक्तिक मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. त्याच दिवशी बिस्किटावरचा १८ वरून ५ वर आला आणि फरसाण-नमकीनवरचा १२ वरून ५ वर. आजाराची तयारीही स्वस्त आणि आजारही स्वस्त. हसायचं की काय करायचं ते तू ठरव.

आता 'महाग'. हा शब्द तुला कुणी शिकवला? तुझ्या फ्लॅटवर चिया, क्विनोआ, बदामाचं दूध आणि प्रोटीनचा डबा बघितल्यावर तू ठरवलंस की चांगलं खाणं म्हणजे हे. क्विनोआ दक्षिण अमेरिकेच्या डोंगरातला, तिथल्या लोकांचं ते रोजचं धान्य. तुझं रोजचं धान्य तू विसरलास आणि त्यांचं विकत घेऊन गरीब झालास. इकडे चांगली ज्वारी ५०-६० रुपये किलो आहे. दोन भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, शेंगाचटणी, कांदा आणि हंगामात एखादी पालेभाजी असं ताट गॅस धरून ३०-३५ रुपयांत होतं. जवसाची चटणी कर, ओमेगा-३ जवसात भरपूर असतं. त्यासाठी कुणाच्या कॅप्सूल लागत नाहीत. शेंगदाण्यात पाव हिस्सा, म्हणजे शंभर ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम, प्रथिनं आहेत. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. आणि तुझ्या रूममेटला सांग, राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी घेऊ नका असं लिहिलंय. त्याच पुस्तिकेत देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहाराच्या खात्यावर टाकलंय. निम्म्याहून जास्त. आणि आपण किराण्याची वही वेगळी ठेवतो.

भाजी महागते, हे मला मान्य आहे. श्रावणात कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन खाली ठेवावी लागते. फळंही सगळ्यांना रोज जमत नाहीत. त्या दिवसांत हुलगा आहे, चवळी आहे, मूग आहे, हरभऱ्याची वाळवलेली भाजी आहे. दुष्काळी मुलखानं हे सगळं आधीच शोधून ठेवलंय. आपण ते गरिबीचं खाणं म्हणून टाकलं आणि आता शहरातल्या दुकानात तेच चकचकीत पाकिटात चौपट भावानं घेतो.

पाकिटातलं आणि घरातलं यांत नेमका फरक काय, असं तू मागे विचारलं होतंस; साखर-मीठ-तेल तर दोन्हीकडे असतं म्हणालास. चांगला प्रश्न होता, तेव्हा मी उडवून लावला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये हेच तपासलं. वीस माणसं संस्थेतच ठेवली. दोन आठवडे कारखान्यात घडवलेलं खाणं, दोन आठवडे साधं, ओळखू येणारं खाणं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या जेवणात साखर, मीठ, चरबी, चोथा सारखाच, आणि सांगितलं की हवं तेवढं खा. कारखान्याच्या खाण्यावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. दोन आठवड्यांत वजन ०.९ किलोनं वाढलं, दुसऱ्या खाण्यावर तेवढंच उतरलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती, आपणहून खाल्लं. तिथं साध्या खाण्याचा आठवड्याचा माल १५१ डॉलरचा झाला आणि कारखान्याचा १०६ डॉलरचा. म्हणजे तुझी महागाईची तक्रार अमेरिकेत खरी आहे. सोलापूर जिल्ह्यात ती कुणापुढे करू नकोस.

तू आणखी एक म्हणालास, "मी तर बारीक आहे." बारीक असण्याचा भरवसा धरू नकोस. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन या दोन मित्रांनी स्वतःचाच फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३, दोघेही दिसायला सडपातळ. अंगातली चरबी मोजली तर यडकिन यांची ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांची २१.२. आपली हाडं बारीक, स्नायू कमी आणि चरबी आत दडलेली. आरशात बघून आपल्याला काही कळत नाही. देशात मधुमेह झालेले १०.१ कोटी आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले १३.६ कोटी, असा आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीचा आकडा २०२३ मध्ये आला. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ हा तो उंबरठा. तू त्या १३.६ कोटींतला.

'लग्नानंतर बघू' म्हणणाऱ्याला मी चेन्नईचं सांगतो. डॉ. रामचंद्रन यांनी तुझ्यासारखीच माणसं घेतली, साखर वर सरकलेली पण मधुमेह न झालेली. तीन वर्षं लक्ष ठेवलं. फक्त नेहमीचा साधा सल्ला दिलेल्या गटात शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना मैदा, साखर, तेल कमी करा, चोथ्याचं खा, रोज अर्धा तास चाला एवढंच सांगून पाठपुरावा केला, त्यांत ३९. आणि ज्यांना मेटफॉर्मिन दिलं त्यांत ४०. दोन्ही एकत्र दिलं तरी ३९ च्या आसपासच. २००६ साली हे छापून आलंय. मी मेटफॉर्मिन विकून घर बांधलं, तेव्हा माझं ऐक: भाकरी-उसळ आणि पायी चालणं हे त्या गोळीच्या बरोबरीला उतरलं. फक्त भाकरी औषधाच्या वहीत लिहिली जात नाही, म्हणून तिची किंमत कुणाला दिसत नाही.

म्हणून म्हणतो, वही एकच ठेव. आजपासून. मोबाइलमध्ये नको, तिथं तू भरशील आणि उघडणार नाहीस. शंभर पानी वही घे. किराणा, भाजी, दूध, बाहेरून मागवलेलं, टपरीवरचा चहा-क्रीमरोल, गोळ्या, डॉक्टर, तपासण्या, मेडिकलमधून आणलेलं काहीही, सगळं एकाखाली एक लिही आणि महिन्याअखेर बेरीज एकच मार. तू म्हणशील माझ्या औषधाच्या रकान्यात अजून काहीच नाही. का? ती पॅन्टोप्राझोलची पट्टी कुठं लिहिलीस? दिवाळीला आलास तेव्हा सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी एक गोळी टाकलीस, मी बघत होतो. कशासाठी म्हटलं तर "सवय आहे काका, रात्री उशिरा जेवण होतं." रात्री साडेअकराला २८० रुपयांची बिर्याणी आणि सकाळी त्यावर गोळी. ती गोळी बिर्याणीच्याच बिलात धर. दुपारी डुलक्या येतात म्हणून पितोस ते एनर्जी ड्रिंक, तेही तिथंच. असं लिहीत गेलास की तिसऱ्या आठवड्यात तुला स्वतःलाच कळेल की 'परवडत नाही' हे कुणाबद्दल म्हणायचं.

राहिला प्रश्न करायचं कुणी. तुमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी भाकरीला तयार नाहीत, वेळ जास्त लागतो म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. आपल्याकडच्या चांगल्या खाण्याची सगळी इमारत बायकांच्या मनगटावर उभी होती, आणि त्या मनगटांना कुणी मोबदला दिला नाही. त्या थकल्या, शिकल्या, नोकरीला लागल्या आणि घराघरांत खारी-टोस्ट आलं. यात त्यांचा दोष काढणारे म्हातारे मला भेटतात तेव्हा मी विचारतो, तुम्हाला भाकरी येते का? मला येते. म्हातारपणी शिकलो. तूही शीक.

पीठ आठ दिवसांच्या आतलं घे. जुन्या पिठाची विरी, म्हणजे एकजीव धरून ठेवण्याची ताकद, जाते आणि थापताना कडा चिरतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, त्यामुळे सगळी भिस्त गरम पाण्यावर आणि मळण्यावर. पाणी उकळतं घे, आधी चमच्यानं ढवळ, हाताला सोसवलं की तळव्याच्या टाचेनं रगडून मळ. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा. परातीत कोरडं पीठ पसरून मधून कडेकडे थापत जा. पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाक, ओल्या हातानं वरून पाणी फिरव आणि ते पुरतं सुकायच्या आत उलट. खालची बाजू भाजली की थेट आचेवर धर. पहिल्या काही भाकऱ्या महाराष्ट्राच्या नकाशासारख्या होतील. खा तशाच. चवीला नकाशा लागत नाही. रोज जमणार नाही म्हणशील, तर इकडच्या कडक भाकऱ्या आहेत की. डब्यात महिनाभर टिकतात, ताकात किंवा आमटीत कुस्करल्या की जेवण झालं.

आता तुझ्या डोक्यात येण्याआधी मीच सांगतो. हो, मी बीपीची गोळी घेतो. वडिलांना होतं, आजोबा पक्षाघातानं गेले, मलाही आलं. तू म्हणशील, काका, एवढं सांगता आणि तुम्हीच गोळी खाता. मग? चांगलं खाल्लं की आजार होतच नाही असं मी कधी म्हटलं? अनुवंश आहे, वय आहे, नशीब आहे. माझी एक गोळी आहे आणि ती म्हातारपणी सुरू झाली. माझ्या वयाचे, माझ्याच गल्लीतले लोक सात-आठ गोळ्यांवर आहेत आणि काहींची सुरुवात चाळिशीत झालीय. मधली सगळी वर्षं मी औषधाच्या रकान्यात शून्य लिहिलं. तुला ही नुसती माझी फुशारकी वाटत असेल तर वाटू दे, वही दाखवायला तयार आहे. आणि उद्या तुझ्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तर ती निमूट घ्यायची. भाकरी खातो म्हणून गोळी बंद केली, असले पराक्रम करणारेही मी पाहिलेत. त्यांचं पुढचं बिल मास्तरांच्या बिलापेक्षा मोठं होतं.

ज्वारीचंही देव्हारं माजवू नकोस. हैदराबादच्या पोषण संस्थेत डॉ. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास दाखवलं होतं की जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरीब मजुरांना पेलाग्रा व्हायचा, अंगाची कातडी काळवंडून सोलायची. भाकरीबरोबर डाळ, पाला, ताक, अंडं हे सगळं हवंच. आज मिलेटच्या नावानं जी कुकीज-नूडल्सची पाकिटं निघालीत त्यांच्या मागं बारीक अक्षरात घटक वाच. ज्याचं वजन जास्त ते आधी लिहिण्याचा नियम आहे. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल आणि पाचव्या-सहाव्या नंबरावर बिचारी ज्वारी, असं बऱ्याचदा दिसेल.

तेव्हा त्या दोन हजारांचं असं कर. वय बघता पॉलिसीचा हप्ता महिन्याला हजाराच्या आतबाहेर बसेल, तो भर. डाएटचा डबा लावू नकोस. उरलेल्यात ज्वारी, मटकी, हुलगा, शेंगदाणे, जवस आणि एक बिडाचा तवा येतो. ज्वारी मी एसटी पार्सलनं पाठवतो. स्वारगेटला उतरवून घे, आणि पावतीवर नंबर तुझाच लिहायला सांगतो. मागच्या खेपेला रूममेटचा दिला होतास आणि शेंगा तीन दिवस तिथंच पडून राहिल्या.

तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी कर, त्याच लॅबमध्ये. सोबत हिमोग्लोबिन बघून घे, कारण लोहाची कमतरता असली तर हा आकडा खोटा वर दिसू शकतो. उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनंतरची, दोन्ही एकदा कर. रिपोर्टाचा फोटो पाठवताना अख्खं पान येऊ दे, यावेळी खालचा अर्धा भाग कापला गेलाय. आणि त्याबरोबर वहीच्या तिन्ही महिन्यांच्या बेरजांचा फोटो पाठव. नुसता रिपोर्ट पाठवलास तर मी उघडणार नाही.

तुझा,
काका